पुतळा आधी पायांकडून पाहा

साताऱ्यात काय किंवा सांगलीत काय, चौकात नवा पुतळा बसला की दोन प्रश्न ठरलेले असतात. किती फुटी आहे? आणि चेहरा जमलाय का? तिसरा प्रश्न निघालाच तर तो खर्चाचा. माझा आग्रह असा की पुतळा पाहायला सुरुवात पायांपासून करावी. चेहऱ्यावरून माणूस ओळखू येतो की नाही एवढंच कळतं. भार कुठल्या पायावर आहे, टाच टेकलीय की सुटलीय, धोतराच्या घड्यांखाली गुडघा खरोखर आहे की नुसत्या घड्याच आहेत, हे पाहिलं की करणाऱ्याला शरीर किती कळलंय ते उघडं पडतं. शिवाय ब्राँझ या धातूची खरी करामत पायांतच असते.

ब्राँझ शिल्पांच्या प्रदर्शनाच्या पत्रिकेत ‘अभिजात परंपरा आणि आधुनिक दृष्टी यांचा संगम’ असं एक वाक्य हमखास असतं. वाचून मान डोलवावी आणि पुढे जावं, असलं. त्याला काही अर्थ आहे का, आणि असेल तर तो पुतळ्यावर बोट ठेवून दाखवता येतो का, ते पाहू. त्यासाठी थोडं धातूकडे, थोडं भट्टीकडे आणि बरंचसं मेणाकडे जावं लागेल.

काशाच्या वाटीपासून

ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील. तांबं आणि जस्त मिळून होतं ते पितळ. जुन्या घरात तळपाय घासायची काशाची वाटी असते, तीही ब्राँझचीच, फक्त तिच्यात कथील वीस-बावीस टक्क्यांच्या घरात असतं. म्हणून तिला नाद असतो आणि म्हणूनच ती फरशीवर पडली की पोचा न येता तडकते. घंटेच्या धातूचंही साधारण असंच. वाईजवळ मेणवलीला घाटावरच्या देवळात वसईच्या मोहिमेनंतर इकडे आलेली पोर्तुगीज घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूला कडेवर घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल आहे. नादासाठी ओतलेल्या धातूवरही ओतणाऱ्याला माणसाची आकृती काढल्याशिवाय राहवलं नाही.

पुतळ्याला मात्र नाद नको, चिवटपणा हवा. त्यामुळे त्यात कथील दहा टक्क्यांच्या आसपास ठेवतात. आज पुष्कळ पुतळे ज्या गनमेटलचे होतात त्यात तांबं ८५ टक्के आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५ टक्के असतं. शिशामुळे कानस आणि छिन्नी बरी चालते. निविदेत ‘पंचधातू’ असं भारदस्त लिहिलेलं असलं तरी त्यातही मोठा वाटा तांब्याचाच.

नुसतं तांबं का नाही? ते १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं, पण जाड वाहतं, हवा शोषतं आणि साच्याच्या बारीक कोपऱ्यात शिरायला कुरकुरतं. दहा टक्के कथील घातलं की मिश्रण हजार अंशांच्या आसपासच पातळ होतं आणि पापणीच्या रेषेपर्यंत जाऊन बसतं. थंड झाल्यावर ते तांब्यापेक्षा कणखरही असतं.

आता पायांकडे. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. संगमरवरी माणसाचे दोन बारीक घोटे वरच्या सगळ्या धडाचं वजन पेलताना तडकू शकतात. रोमन कारागिरांनी ग्रीकांच्या ब्राँझ पुतळ्यांच्या संगमरवरी नकला केल्या, तेव्हा पायाला टेकून झाडाचं खोड नाहीतर एखादं भांडं उभं करावं लागलं. कुठे मनगट आणि मांडी यांच्यामध्ये दगडाचा छोटा टेकू ठेवावा लागला. मूळ ब्राँझमध्ये यातलं काही लागत नव्हतं. १९७२ साली इटलीत रियाचेजवळ समुद्रात इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातले दोन ब्राँझ योद्धे सापडले. दोघंही जवळजवळ दोन मीटर उंच, दोघंही फक्त स्वतःच्या पायांवर. ग्रीकांचे मोठे ब्राँझ पुतळे आज मोजकेच उरलेत, कारण ते वितळवून नाणी आणि शस्त्रं करता येत होती. वाचले त्यांतले बरेचसे समुद्राच्या तळाशी गेले म्हणून वाचले.

हे योद्धे उभे कसे आहेत ते समजायला स्वारगेट गाडीची वाट पाहत साताऱ्याच्या स्टँडवर अर्धा तास थांबलेल्या कुणाकडेही पाहा. थोड्याच वेळात तो सगळा भार एका पायावर टाकतो. तो पाय सरळ, दुसरा गुडघ्यात सैल. भाराच्या बाजूचं कमरेचं हाड वर जातं आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. कणा हलकासा वळतो. कमरेची रेषा एकीकडे कललेली, खांद्यांची दुसरीकडे. इटालियन लोक याला कोन्ट्रापोस्टो म्हणतात. त्याआधीचे ग्रीक पुतळे दोन्ही पायांवर सारखा भार टाकून, सावधान म्हटल्यासारखे उभे असत. भार एका पायावर गेला आणि पुतळा पुढच्या क्षणी पाऊल टाकेल असं वाटायला लागलं. ब्राँझमुळेच ही ठेवण टेकूशिवाय टिकली.

सगळं मेणावर ठरतं

ब्राँझचा पुतळा कोरलेला असतो असा एक सार्वत्रिक समज आहे. दगडात शिल्पकार नको ते काढून टाकतो. ब्राँझचा शिल्पकार आयुष्यभर भर घालतो, तीही मातीवर आणि मेणावर. धातू येतो सगळ्यात शेवटी, तोवर निर्णय झालेले असतात.

आधी लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर माती. मातीचं काम आठवडेच्या आठवडे चालतं. रोज संध्याकाळी ओली फडकी आणि प्लॅस्टिक गुंडाळून ते झाकावं लागतं, नाहीतर भेगा पडतात. मन भरलं की त्यावर प्लास्टरचा किंवा सिलिकॉन रबराचा साचा. साच्याच्या आतल्या बाजूला ब्रशने वितळलेलं मेण लावत जायचं, भाकरीच्या जाडीचा थर होईपर्यंत. साचा उघडला की हातात येतो आतून पोकळ असलेला मेणाचा पुतळा, किंवा त्याचा एक तुकडा.

कार्यशाळेत मला सगळ्यात जास्त रेंगाळावंसं वाटतं ते याच टेबलाशी. तपकिरी मेणाचा कोपरापासूनचा हात तिरपा ठेवलेला असतो. साच्याचे दोन भाग जिथे मिळाले तिथे केसाएवढी उंच रेघ उठलेली असते. कारागीर सुरीसारखं हत्यार स्पिरिटच्या दिव्यावर तापवतो आणि ती रेघ बसवत जातो. बोटांच्या मधल्या खाचा पुन्हा मोकळ्या करतो. टाचणीच्या डोक्याएवढं भोक दिसलं तर मेणाचा थेंब सोडून बुजवतो, कारण मेणात भोक म्हणजे ब्राँझमध्ये भोक. उलट, मेणाला बाहेरून हवेचा बुडबुडा चिकटून राहिला तर ब्राँझवर मोहरीएवढा दाणा उठतो आणि तो नंतर छिन्नीने उडवावा लागतो. शिल्पकाराच्या अंगठ्याच्या रेषा मेणावर राहिल्या तर त्याही धातूत उतरतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढची पायरी गाभ्याची. पोकळ मेणात प्लास्टर आणि विटांची भुकटी असलं उष्णता सोसणारं मिश्रण भरतात. मेण वितळून गेल्यावर हा गाभा आत खाली कोसळू नये म्हणून मेणातून आरपार लोखंडी खिळे ठोकतात. मेणाच्याच कांड्या बाहेरून जोडतात: काही धातू आत जायला, काही हवा बाहेर यायला. त्यांना रनर आणि रायझर म्हणतात. मग बाहेरून जाड लेप. सगळं भट्टीत तापवलं की मेण वाहून जातं, आणि लेप व गाभा यांच्यामध्ये नेमकी पुतळ्याच्या कातडीएवढी पोकळी उरते. त्यात अकराशे अंशांच्या आसपासचा रस ओततात. ओतताना हात थांबून चालत नाही. थांबला तर आधीचा रस गोठतो, नंतरचा त्याला चिकटत नाही आणि दंडावर आडवी फट राहते. साच्यात ओल राहिली असेल तर वाफ होऊन रस उसळतो, ते जिवावर बेततं.

हे तंत्र आपल्याकडे किती जुनं? मोहेंजोदडोची नर्तकी जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची आहे, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची, आणि ती अशीच मेण घालवून ओतलेली. आपल्या भागाशी जास्त जवळचा पुरावा ग्रंथातला आहे. कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता आपल्या कृष्णाकाठावरही होती. त्यांच्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लासा’त मूर्ती ओतायची पूर्ण कृती दिली आहे. मेणाची मूर्ती करा, तिला नळ्या जोडा, मातीचे लेप द्या. आणि लेप देण्याआधी मेण तोलून घ्या, कारण त्याच्या ठरावीक पटीत धातू लागणार आहे. सोन्याचा पट तांब्याहून मोठा. आजच्या ओतशाळेतही हिशोब हाच: एक किलो मेण असेल तर साधारण दहा किलो ब्राँझ, वर रनरची भरती. राजाने हा तपशील लिहून ठेवला, म्हणजे तो ओतशाळेत नुसता डोकावून आला नसावा.

एक फरक सांगायला हवा. तमिळनाडूतल्या स्वामीमलैचे स्थपती, म्हणजे परंपरागत मूर्तिकार, मूर्ती आजही भरीव ओततात. १९७४ साली नगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला सापडलेली चार शिल्पंही भरीव आहेत: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस, मिळून साठ किलोंवर वजन. देवघरातल्या ओतारी कामाच्या छोट्या मूर्ती अशाच. भरीव मूर्तीत मेण थेट हाताने घडवलेलं असतं. ते वितळलं की दुसरी प्रत नाही. चौकातला पुतळा मात्र पोकळच हवा. भरीव केला तर वजन आणि खर्च पेलणार नाहीच, शिवाय जाड धातू आतून आणि बाहेरून वेगवेगळ्या वेगाने थंड होऊन आकसतो, त्यात भेगा पडतात. ब्राँझ थंड होताना दीड-दोन टक्के आकसतंच. दहा फुटी पुतळ्यात दोन इंचांच्या आसपास. शिल्पकार ते आधीच धरून चालतो.

‘किती फुटी’ या प्रश्नाचंही जाता जाता. उंची दुप्पट केली की पुतळ्याचं पृष्ठफळ चौपट होतं. वारा तेवढ्या जागेवर आदळतो. धातूची जाडीही त्याच प्रमाणात वाढवली तर वजन आठपट. सहा फुटांऐवजी बारा फूट म्हणताना समितीतले सगळे जण खर्च दुप्पट धरतात, तिथून भांडणाला सुरुवात होते.

अभिजात परंपरा एक नाही

युरोपात ‘क्लासिकल’ म्हटलं की ग्रीस आणि रोम. महाराष्ट्रातल्या शिल्पकारासमोर मात्र दोन अभिजात परंपरा आहेत आणि त्यांचं एकमेकींशी पटत नाही.

शिल्पशास्त्राच्या परंपरेत चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, बारा अंगुळं. नवताल मूर्ती चेहऱ्याच्या नऊपट, मोठ्या देवता दशताल. स्वामीमलैला नारळाच्या झावळीची पट्टी घडी घालून तिच्यावर ही सगळी मापं काढतात. त्रिभंगात गुडघा, कंबर आणि मान अशा तीन ठिकाणी देह वळतो, म्हणजे भार एका पायावर टाकण्याचं निरीक्षण इथेही आहे. पण चोळ काळातल्या पार्वतीच्या मांडीवर स्नायू शोधाल तर मिळणार नाही. शीर नाही, हाड नाही. त्वचेच्या आत श्वास भरून धरलाय असा ताणलेला गोलवा आहे. ग्रीक शिल्पकाराला त्वचेखाली काय आहे ते दाखवायचं असतं. आपल्या स्थपतीला देह कुठल्याही एका माणसाचा वाटू द्यायचा नसतो.

दुसरी परंपरा आली मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून, १८५७ पासून. तिथे विद्यार्थी ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टर प्रतींवरून शिकत, मग समोर माणूस बसवून. गणपतराव म्हात्रे, नानासाहेब करमरकर, रघुनाथ फडके हे सगळे या वळणाचे. करमरकरांचा पुण्यातला अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा १९२८ चा, सदाशिव साठ्यांचा गेटवेसमोरचा १९६१ चा. आपल्या चौकांतल्या पुतळ्यांची भाषा इथून आली. म्हणजे ज्याला आपण ‘आपली परंपरा’ म्हणतो त्या पुतळ्याची उभं राहण्याची रीत बऱ्याच अंशी अथेन्सहून फिरत फिरत आलेली आहे. यात कमीपणा काही नाही. ग्रीक देवही इकडे नवा नव्हता. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर ब्राँझचा छोटासा पोसायडन सापडला, समुद्राचा देव. तो टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. सांगलीहून तासा-दीड तासाच्या अंतरावर, व्यापाऱ्यांबरोबर दोन हजार वर्षांपूर्वी येऊन पोचलेला.

आणि सातारा जिल्ह्यात औंध आहे. भवानराव पंतप्रतिनिधींनी मूळपीठाच्या डोंगरावर १९३८ साली उभं केलेलं संग्रहालय. हे राजे स्वतः चित्रकार. त्यांच्या संग्रहात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, पाश्चात्त्य अभिजात पुतळ्यांच्या प्रती आहेत, आणि त्याच छपराखाली आधुनिक ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं ‘मदर अँड चाइल्ड’ही आहे. रविवर्म्यापाशी थांबून लगेच मूरपाशी जा. इथे चेहरा जवळपास नाहीच. आई आणि मूल एकाच घडीव गोळ्यातून निघाल्यासारखे. तरी आईचं वजन मुलाकडे झुकलंय हे पाठीच्या उतारावरून कळतं. मेणवलीच्या घंटेवरची मेरी आणि हे शिल्प यांचा विषय एकच आहे, आणि दोन्ही एकाच जिल्ह्यात. सहल काढायची तर अशी काढावी. याच औंध संस्थानच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, नांगराचे फाळ ओतायला. कला आणि ओतकाम दोन्हींना एकाच संस्थानात जागा मिळाली होती. त्यांची गाठ मात्र म्हणावी तशी पडली नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

आधुनिकांनी नेमकं काय केलं

धातू बदलला नाही. पद्धतही फारशी नाही. बदललं ते एवढंच: पूर्वी जे लपवत, ते आधुनिक शिल्पकारांनी राहू दिलं.

फ्रेंच शिल्पकार रोदँपासून सुरुवात करू. १८७७ साली त्याने ‘कांस्ययुग’ नावाचा तरुण पुरुषाचा पुतळा मांडला. बेल्जियन सैन्यातला एक शिपाई त्यासाठी उभा राहिला होता. पुतळा इतका जिवंत वाटला की त्याच्यावर आरोप झाला: हा घडवलेला नाही, जिवंत माणसाच्या अंगावरून साचा घेतलाय. रोदँला फोटो आणि साक्षी जमवाव्या लागल्या. १८८० मध्ये सरकारने पुतळा विकत घेतला तेव्हा डाग पुसला गेला. ‘हुबेहूब’ ही दाद शिल्पकाराला किती महागात पडू शकते, याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

पुढे रोदँने बोटांचे ठसे, मातीचे चिकटवलेले गोळे, साच्याच्या रेघा राहू द्यायला सुरुवात केली. प्रकाश गुळगुळीत खांद्यावरून घसरतो, खडबडीत खांद्यावर अडखळतो. त्यामुळे स्थिर पुतळा हलतोय असं वाटतं. त्याचा ‘चालणारा माणूस’ डोकं आणि हात नसलेला आहे, आणि तो तुटलेला नाही, पूर्ण आहे. खणून निघालेले मोडके ग्रीक पुतळे पाहून त्याला सुचलं की नुसतं धड आणि पायही पुरेसं बोलतात. म्हणजे नवं सुचलं ते जुन्याकडूनच. लेखकांच्या संस्थेने सांगितलेला कादंबरीकार बाल्झाकचा पुतळा त्याने १८९८ मध्ये दाखवला: झगा पांघरलेला, मागे रेललेला एक उंच ढीग, वर डोकं. संस्थेने तो नाकारला. पॅरिसमध्ये तो ब्राँझमध्ये उभा राहिला १९३९ साली; रोदँ जाऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती. पुतळा समित्यांचा इतिहास असा जुना आहे.

स्विस शिल्पकार जाकोमेत्तीने १९६० मध्ये केलेला ‘चालणारा माणूस’ माणसाच्याच उंचीचा, १८३ सेंटिमीटर, पण काठीसारखा वाळलेला. अंगावर मांस नाही, पावलं मात्र जड आणि जमिनीला खिळलेली. हे प्लास्टरमध्ये मोडेल, दगडात जमणारच नाही. रियाचेच्या योद्ध्यांना ब्राँझने जे स्वातंत्र्य दिलं, तेच इथे टोकाला नेलेलं आहे.

आपल्याकडे मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात ती दोन माणसं. एक मीरा मुखर्जी (१९२३–१९९८). दिल्लीत शिकून त्या १९५३ मध्ये म्युनिकला गेल्या, युरोपियन शिक्षण घेतलं, आणि परत आल्यावर गेल्या त्या बस्तरच्या घडव्यांकडे, म्हणजे धातू ओतणाऱ्या आदिवासी कारागिरांकडे, त्यांचं ढोकरा ओतकाम शिकायला. तिथे मातीच्या गाभ्यावर मेणाच्या तारा गुंडाळत जातात. ओतल्यावर धातूवर दोऱ्यांची वीण दिसते. मुखर्जींनी ही छोट्या मूर्तींची रीत माणसाहून मोठ्या आकृत्यांना लावली. त्यांचा कलिंगच्या युद्धातला भव्य अशोक दिल्लीत एका हॉटेलच्या आवारात आहे. त्याच्या अंगावरच्या रेघा नक्षी म्हणून आलेल्या नाहीत. देह जिकडे वळतो तिकडे त्या वळतात.

दुसरे सोमनाथ होर. १९२१ चा जन्म, चितगावकडचे. १९४३ चा बंगालचा दुष्काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि चित्रांत नोंदवला. ब्राँझकडे ते १९७० च्या दशकात वळले. मेणाचे पातळ पत्रे करायचे, ते सुरीने कापायचे, दुमडायचे, भोकं पाडायची आणि थेट ओतायचे. रनरच्या ज्या कांड्या ओतशाळेत पहिल्यांदा कापून टाकतात, त्या त्यांनी कित्येकदा तशाच ठेवल्या. त्या बरगड्या झाल्या, हाडं झाली. भुकेल्या माणसाचं शरीर आतून पोकळ असतं हे त्यांना ब्राँझच्या पोकळपणातून दाखवता आलं.

आता पत्रिकेतल्या त्या संगमाची परीक्षा घेता येईल. बांधेसूद धडावर मुद्दाम चार ओरखडे काढले, किंवा पोटात भोक पाडलं, म्हणून दृष्टी आधुनिक होत नाही. ओरखडा पुसून पाहा, मनातल्या मनात. काही बिघडलं नाही? मग तो वरून चिकटवलेला होता. मुखर्जींच्या रेघा पुसता येत नाहीत. जाकोमेत्तीच्या माणसाला मांस चढवता येत नाही. जुन्या परंपरेने भार, तोल आणि माप शिकवलेलं असतं. नव्याने विचारलेलं असतं की यातलं किती कमी केलं तरी माणूस उरतो. दोन्ही एकाच गुडघ्यात दिसायला हवं.

स्कॅनर, सांगाडा आणि ऑइलपेंट

आजकाल दोन फुटी नमुना थ्री-डी स्कॅन करतात आणि मशिन फोमच्या ठोकळ्यातून हवा तेवढा मोठा आकार कापून देतं. त्यावर मातीचा पातळ थर दिला की काम हातावेगळं. महिने वाचतात हे खरं. पण दोन फुटांवरचा दीड सेंटिमीटरचा अंगठ्याचा ठसा बारा फुटांवर नऊ सेंटिमीटरचा होतो. नमुन्यात जिवंत वाटणारा खडबडीतपणा मोठ्या पुतळ्यात राक्षसी दिसतो. शिवाय उंच चौथऱ्यावरचा पुतळा आपण खालून पाहतो, त्यामुळे डोकं लहान आणि पाय मोठे दिसतात. अनुभवी शिल्पकार वरचा भाग हाताने किंचित वाढवतो. स्कॅनरला हे सांगावं लागतं. मशिनला माझा विरोध नाही, मशिनवर सोडून चहाला जाण्याला आहे.

फार मोठ्या पुतळ्यात ब्राँझ वजन पेलतच नाही. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांनी घडवलेला, २०१८ साली उभा राहिलेला १८२ मीटरचा स्टॅच्यू ऑफ युनिटी आतून काँक्रीट आणि पोलादाचा आहे; ब्राँझ ही बाहेरची कातडी. मग खरा प्रश्न आतल्या सांगाड्याचा. मालवणला राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण झालेला पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. चौकशीत कमकुवत सांगाडा, गंज आणि सदोष वेल्डिंग ही कारणं पुढे आली. पोलाद आणि ब्राँझ खाऱ्या ओलीत एकमेकांना टेकले की आधी पोलाद गंजतं. त्यासाठी आत स्टेनलेस स्टील वापरतात, दोन धातूंमध्ये अडथळ्याचा थर देतात आणि आत साचणारं पाणी निघून जायला तळाशी भोकं ठेवतात. सांगलीत पूर ओसरल्यावर चौथरा धुताना ती भोकं गाळाने बुजली नाहीत ना, हेही पाहायला हवं.

रंगाबद्दल थोडं, कारण तिथे आपण हमखास माती करतो. ताजं ओतलेलं ब्राँझ गुलाबीसर सोनेरी असतं. चौकातला तपकिरी, काळसर किंवा हिरवट रंग हा पॅटिना: धातू ब्लो-टॉर्चने तापवून त्यावर रसायनं मारतात. गंधकाच्या क्षाराने तपकिरी ते काळा, फेरिक नायट्रेटने तांबूस, तांब्याच्या नायट्रेटने हिरवा. हा रंग धातूच्या पृष्ठभागातच तयार होतो, वर बसत नाही. म्हणून अंगठ्याच्या रेषाही दिसत राहतात. वर मेणाचा हात. जयंतीच्या आधी कुणीतरी सोनेरी ऑइलपेंटचा डबा आणतं आणि तीन-चार वर्षांत पापण्या, नखं, कापडाचा पोत सगळं थरांखाली गाडलं जातं. दुधाचा अभिषेकही सांधीकोपऱ्यात आंबतो. पुतळ्याला साधं पाणी, सौम्य साबण, कोरडं फडकं आणि पावसाळ्याआधी एकदा मेण एवढंच लागतं. ब्रासो नको, तो पॅटिना खरवडून काढतो.

क्ले मॉडेल पाहायला जाल तेव्हा

आपल्या राज्यात सार्वजनिक ठिकाणच्या पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. समितीची माणसंही तेव्हा कार्यशाळेत जातात. सगळे समोर ओळीने उभे राहतात, चेहऱ्याकडे पाहतात, फोटो काढतात, नाश्ता होतो. बदल करायची शेवटची स्वस्त संधी तीच असते. प्लास्टर पडल्यावर प्रत्येक दुरुस्तीला पैसे आणि पुढे धातूत वेल्डिंग लागतं. त्या दिवशी पुतळ्याभोवती पूर्ण फेरी मारावी. पाठ झाकलेली असेल तर प्लॅस्टिक काढायला सांगावं. चौथरा जेवढा उंच होणार तेवढ्या खालून, निदान गुडघ्यावर बसून, वर पाहावं. दिवे घालवून एकाच बाजूने उजेड टाकायला सांगावं, म्हणजे खोटे स्नायू लगेच दिसतात. आणि शिल्पकाराने कुठे खडबडीत ठेवलं असेल तर ‘हे फिनिशिंग राहिलंय का’ असं विचारण्याआधी ‘हे असं का ठेवलं’ ते विचारावं. उत्तर असेल तर ते राहू द्यावं.

साच्याचंही तेव्हाच बोलून घ्यावं. एका साच्यातून कितीही मेणं निघतात, म्हणजे कितीही पुतळे. फ्रान्समध्ये बारा प्रतींपर्यंतच ब्राँझला मूळ कृती मानतात, त्यापुढची नुसती नक्कल. आपल्याकडच्या करारात साचा कुणाकडे राहणार, दुसऱ्या गावाला तोच पुतळा द्यायचा झाला तर कुणाची परवानगी लागणार, याबद्दल सहसा एक ओळही नसते. शिल्पकाराच्या आणि गावाच्याही सोयीसाठी ती ओळ सही करण्याआधी घालून घ्यावी.